मापवहीतली मरळ

आमच्या दुकानाशेजारच्या टेलरमास्तरांइतका मासा कळलेला आणि जन्मात एकदाही मासा न खाल्लेला माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नसेल. बाहेरच्या जिल्ह्यांच्या बाबतीतही मी पैज लावायला तयार आहे. नेकनूरच्या बाजारात माझं खत-बियाण्याचं दुकान आणि त्यांचं शिवणकामाचं दुकान यांच्यात नुसता एक पत्रा होता. त्या पत्र्याआडून दिवसभर मशिनीचा खडखडाट यायचा. तो मध्येच थांबला की मी ओळखायचो, मास्तरांना काहीतरी सुचलंय. जे सुचायचं ते कपड्याविषयी कधीच नसायचं. दोन मिनिटांत ते माझ्यासमोर उभे, हातात जुन्या चपलेच्या तळव्यातून कापलेला बेडूक. त्याला ब्लाउजपिसाच्या चिंध्यांचे पाय, डोळ्यांच्या जागी दोन मणी. "बघ बे, आता पोटात छर्रा घातलाय. कसाबी फेक, उताणा पडणार न्हाई." समोर एखादा शेतकरी सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी हातात घेऊन ताटकळत असायचा आणि मी त्याला थांबवून बेडकाचं पोट दाबून बघत असायचो. माझ्या धंद्याचं जे काही वाटोळं झालं त्यात हवामानापेक्षा मास्तरांच्या बेडकांचा हात मोठा आहे, हे मी आनंदानं कबूल करतो.

हे बेडूक मरळीसाठी. मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याची, काळपट अंगाची, गवतात दबा धरून बसणारी मासळी. तिला हवा घ्यायला दर थोड्या वेळानं पाण्यावर यावं लागतं, आणि त्या वेळी वरून बेडूक जाताना दिसला तर ती त्याला सोडत नाही. रोहू-कटल्यासाठी कणकेची गोळी लावून तासन्‌तास बसणाऱ्यांना मास्तर 'झोपलेली माणसं' म्हणत. त्यांना वेड होतं खोट्या आमिषाचं. "खरा बेडूक लावून कुणीबी धरंल. चपलेचा बेडूक तिला खरा वाटला पायजे, त्येला कारागिरी म्हणत्यात." बेडूक झाले, मग चमचे आले. स्टीलच्या चमच्याची दांडी कापायची, दोन्ही टोकांना भोकं पाडायची, एका भोकात गळ अडकवायचा, की तो पाण्यात बारक्या मासोळीसारखा लवलवतो. हे त्यांना कुठल्याशा व्हिडिओत दिसलं, आणि मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकघरातले चमचे एकेक करून तळ्याच्या वाटेला लागले. शेवटी एकदा पाहुण्यांपुढं पोह्यांच्या बश्या ठेवून बाई शांतपणे म्हणाल्या, "हातानंच खा. आमचे चमचे मासे धरायला गेलेत."

मीही नादी लागलो. लिंबागणेशच्या रस्त्याला थोडं आत एक पाझर तलाव आहे. उजाडता उजाडता मी मोटारसायकल काढायची, मास्तर मागे, त्यांच्या हातात पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीनं पाठवलेली रीळवाली काठी. तिथं पोचलं की त्यांची शिकवणी सुरू व्हायची. सूर्य तोंडावर घे, सावली पाण्यावर पडू देऊ नको. गढूळ पाण्यात काळा बेडूक, निवळ पाण्यात हिरवा. "तिच्या डोक्यावर कावून टाकतो? बेडूक कधी आभाळातनं पडतोय का? पल्याड टाक अन् तिच्या म्होरून आण." ओढायचा तोही एकसारखा नाही, दोन बारीक हिसके, मग थांबायचं. बेशरमाच्या झुडपापाशी आला की आणखी थांबायचं, कारण मरळ विचार करते ती तिथंच. तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची, गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करायची, नाहीतर तंगूस घासून कच्चा होतो आणि मोठा मासा नेमका तिथं तोडतो. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की झडप पडली तरी लगेच काठी ओढायची नाही. मरळ बेडूक आधी नुसता दातात धरते, मग आत घेते. तेवढ्या वेळात काठीचं टोक खाली करून मोजायचं, "एक काज, दोन काज, तीन काज," आणि मग हिसका. माझ्या पहिल्या झडपेला पाणी असं काही फुटलं की मी काजं-बटणं सगळं विसरलो आणि दोन्ही हातांनी काठी उपसली. बेडूक सणसणत आला आणि माझ्याच सदऱ्याच्या खिशात गळासकट रुतला. मास्तर जवळ आले, खिसा ओढून पाहिला आणि म्हणाले, "मी शिवलाय म्हणून टिकला." त्या सकाळनंतर मला युरियात गोडी उरली नाही.

मासा मिळाला की लोक वजन करतात. मास्तर माप घ्यायचे. ओल्या गवतावर मरळ अलगद ठेवायची, मानेवरची टेप काढायची, आणि मी त्यांच्या दुकानातली मापवही उघडून तयार राहायचं. लांबी, छाती, कंबर, आणि 'बाही'चा छापील रकाना खोडून तिथं 'शेपूट'. गावातल्या पँटी-सदऱ्यांच्या मधोमध अशा कितीतरी मरळी त्या वहीत आहेत. माप झालं की मासा पुन्हा पाण्यात. खाणारे लोक हळहळायचे, त्यांना मास्तर विचारायचे, "गिऱ्हाइकाला कुणी खातंय का?" अंदाजे माप त्यांनी कधी लिहिलं नाही. सुटलेला मासा केवढा होता हे सांगताना भल्याभल्यांचे हात लांब होतात. मास्तर आपले हात खिशात घालायचे. "टेप लागली न्हाई, तर माप न्हाई." त्या वहीत एका मरळीला अख्खं पान दिलेलं होतं. तिच्या शेपटाला कात्री मारल्यासारखी खाच होती, त्यावरून ती ओळखू यायची. चार उन्हाळ्यांत ती चारदा त्यांच्या गळाला लागली होती. अठरा इंच, एकवीस, तेवीस, पंचवीस. मुलीच्या परीक्षेतले गुण सांगावेत तसे ते हे आकडे मला वाचून दाखवायचे.

या पानानंच एकदा घोटाळा केला. आमच्या भागातल्या एका वजनदार पुढाऱ्यानं नेहरू शर्टासाठी खादी टाकली होती. सत्कार सकाळी अकराला, साहेब दहाला दुकानात हजर. शर्ट चढवायला गेले, तर एक हात कसाबसा आत गेला आणि बाकीच्या साहेबांना जागाच उरली नाही. मास्तरांनी कापड कापताना समोर पान उघडलं होतं ते मरळीचं. लांबी पंचवीस, छाती तेरा. साहेबांनी अर्धवट अडकलेल्या अवस्थेतच विचारलं, "मास्तर, हे माप कुणाचं?" दुसरा कुणी असता तर कापड आटलं म्हणून मोकळा झाला असता. मास्तर म्हणाले, "तळ्यातल्या मरळीचं हाय साहेब. पण शिवण बघा, कशी सरळ आलीय." साहेब जुन्याच शर्टावर सत्काराला गेले. मास्तरांनी त्यांना नव्या कापडाचा शर्ट शिवून दिला, आणि हा टाकून न देता त्याचा खालचा घेर शिवून बंद केला. गळ्यातून हात घालायचा, आत बेडूक नि चमचे. बाह्यांची गाठ खांद्यावर. अशी ती पिशवी झाली.

दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात तळं आटत आटत मधल्या खड्ड्यापुरतं उरलं. एका बुधवारी तळ्याचा ठेकेदार मास्तरांकडे पायजमा आखूड करायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "रविवारी ओढजाळं लावतोय. काय असंल ते सगळं काढून घेतो. तसंबी पाणी राहणार न्हाई." ठेका त्याचा, मासे त्याचे, त्यात त्याची काहीच चूक नव्हती. पत्र्यापलीकडची मशीन थांबली. नेहमीसारखे ते येऊन समोर उभे राहिले, पण हातात बेडूक नव्हता. "तुझ्या मळ्यातल्या विहिरीला पाणी किती हाय?" दोन परस आहे, दोन माणसं उभी बुडतील इतकं, म्हणालो. "तिला तिथं न्यायची. जाळ्याच्या आधी." ती म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. ठेकेदाराला मी विचारून आलो. तो हसत म्हणाला, "एक मासा ना? न्या की. गावला तर."

गुरुवारी मास्तरांनी काळा बेडूक टाकला, हिरवा टाकला, पिवळ्या पोटाचा टाकला. चमचा मोठा, चमचा लहान. हाती लागल्या तीन बारक्या मरळी. मास्तरांनी त्यांची मापंसुद्धा घेतली नाहीत, तेव्हा मी घाबरलो. शुक्रवारी एकदा खाच असलेलं शेपूट पाण्यावर उलटलं, दिसलं आणि गेलं. शनिवारी आम्ही झाकणाची मोठी बादली घेऊन पोचलो तेव्हा ठेकेदाराची माणसं पलीकडच्या काठावर जाळी उलगडून ठेवत होती. आणि तेवढ्यात बेशरमाच्या झुडपाखाली मला पाण्यावर शेंदरी रंगाचा एक ठिपका दिसला, थाळीएवढा, उकळत्या पाण्यासारखा हलणारा. मरळीची पिल्लं. त्यांच्या खाली एक लांब काळी सावली, आणि तिच्या शेपटाला खाच.

मी आनंदानं ओरडणारच होतो. पिल्लांवरची मरळ समोर येईल त्याच्यावर झडप घालते; त्या वेळी तिच्यापुढं बटण टाकलं तरी ती धरेल. पण मास्तर काठावर मटकन बसले. पिल्लांवरच्या मरळीला गळ दाखवायचा नाही, हा त्यांचा नियम होता. आई उचलली की तासाभरात बाकीचे मासे पिल्लं साफ करतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी म्हणालो, "टाका मास्तर. सोपं हाय."

"सोपं हाय म्हणूनच टाकत न्हाई."

मला राग आला, आणि मी तो बोलून दाखवला. "उद्याचं जाळं आईलाबी सोडणार न्हाई अन् पिल्लांलाबी. तुमचा नेम काय चाटायचाय का?"

एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. मग त्यांनी शर्टाच्या पिशवीत हात घालून पक्कड काढली आणि काळ्या बेडकाच्या गळांच्या उलट्या नांग्या दाबून सपाट केल्या, म्हणजे निघताना गळ फाडणार नाही. फ्रॉकच्या जाळीच्या कापडाचा एक तुकडा माझ्या हातात दिला. "ती भाईर आली की तू पाण्यात शिर. एक पिल्लू मागं राह्यलं न्हाई पायजे."

बेडूक पल्याड पडला. दोन हिसके, थांबला. पाणी फुटलं. मास्तरांनी काठी खाली केली आणि मी त्यांच्याबरोबर मोठ्यानं मोजत होतो, एक काज, दोन काज, तीन काज. माझ्या आयुष्यात एवढी लांब काजं मी कधी पाहिली नाहीत. हिसका बसला आणि काठी वाकून पाण्याला टेकली. मरळ झुडपाकडं धावली, मास्तर तिच्यामागं गुडघाभर चिखलात, रिळाची करकर, पलीकडची माणसं जाळी सोडून बघत उभी. कधीतरी ती काठावर आली. मी चपला घालूनच पाण्यात शिरलो आणि ओंजळीओंजळीनं तो शेंदरी गोळा जाळीत उचलून बादलीत सोडला. वर आलो तर मास्तर टेप धरून बसलेले. "सत्तावीस. छाती पंधरा." बादलीत ती मावत नव्हती, दोनदा तिनं उडी मारली, दुसऱ्यांदा पिल्लांसकट बादली कलंडता कलंडता वाचली. मग आम्हा दोघांचीही नजर एकाच वेळी त्या शर्टावर गेली.

मास्तरांनी बेडूक-चमचे गवतावर ओतले, शर्ट पाण्यात बुडवला आणि तिला शेपटाकडून गळ्यात सोडलं. मरळ ओल्या कापडात राहिली तर पाण्याबाहेरही बराच वेळ दम धरते. ती सरळ आत गेली, कुठं सुरकुती नाही, कुठं ताण नाही, आणि वरून नेहरू कॉलरमधून तिचं तोंड तेवढं बाहेर राहिलं. "कापला चुकून होता," मास्तर धापा टाकत म्हणाले, "पण दोन इंच मार्जिन चुकून न्हाई सोडलं. असं फिटिंग जन्मात कुणाला दिलं न्हाई." त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही.

मळ्याकडं जाताना मी जमेल तितक्या जोरात गाडी हाणली. हँडलला बादली, मागं मास्तरांच्या मांडीवर शर्ट. वाटेत मागून पुढाऱ्यांचीच गाडी आली. साहेबांनी काच खाली केली, शर्टाकडं पाहिलं, कॉलरमधल्या तोंडाकडं पाहिलं, आणि काच वर केली. मास्तरांनी मात्र त्यांना रीतसर नमस्कार केला. विहिरीत आधी पिल्लं सोडली, मग ती. ती खाली गेली, थोड्या वेळानं वर आली, गबकन हवा घेतली आणि पिल्लांच्या खाली जाऊन उभी राहिली.

पुढच्या वर्षी मास्तरांचे गुडघे गेले. मुलगी येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेली, सातव्या मजल्यावर. जाताना मास्तरांनी मशीन विकली आणि मापवही माझ्याकडं ठेवली. पत्र्यापलीकडं आता मोबाइलचं दुकान आहे. तिथं काही थांबलं तरी कळत नाही. दर रविवारी सकाळी मास्तरांचा फोन येतो. "वर आली का?" मी विहिरीच्या काठावर बसतो आणि फोन पाण्याकडं धरतो. दिवसभर बोलणारा हा माणूस तिकडं अगदी गप्प असतो. पाच मिनिटं जातात, कधी दहा. मग खाली गबक असा आवाज होतो, आणि तिकडून "हां" येतं, आणि फोन बंद होतो. मला त्यांची फार आठवण येते, पण रविवारी ती सांगायला वेळ मिळत नाही.

दिवाळीनंतर वर येणाऱ्या मरळीच्या शेपटाला खाच दिसेना. एक रविवार गेला, दोन गेले, मी बोललो नाही. खाचवाली म्हातारी तळाशी असेल, किंवा नसेल. तिसऱ्या रविवारी गबक झाल्यावर त्यांनी "हां" म्हणायच्या आत मी सांगून टाकलं. "मास्तर, ही ती न्हाई. शेपूट सबंध हाय. पिल्लांतली असंल एखादी."

 

"केवढी हाय?"

मी डोळ्यांनी मोजून म्हणालो, "सोळा-सतरा इंच असंल."

"असंल न्हाई. टेप लागली न्हाई, तर माप न्हाई." आणि मग, दुकानात म्हणायचे तशा आवाजात, "नवं पान काढ बे. वर लिही, थोरली लेक. माप मी येऊन घेतो."

मी पान काढलंय. वर नाव लिहिलंय. लांबी, छाती, कंबर, आणि 'बाही' खोडून शेपूट. चारही रकाने कोरे ठेवलेत.