आईनं बुजवलेली भेग

शांताक्का आमची शेजारीण. वादळानंतर अकरा दिवस तिनं आम्हाला तिच्या पत्र्याखाली निजू दिलं, आणि सगळं गाव गप्प असताना ती एकटी बोलली. म्हणून आधी तिचं नाव.

आमचं गाव बसवकल्याणकडचं. गल्लीतली घरकुलं पंचायतीच्या मेंबरनंच बांधून दिलेली. काळ्या चिकण मातीवर, सरळ. वादळी पावसात खालची माती फुगली, आमची भिंत उभी चिरली, चुलीत पाणी साचलं.

पंचनाम्याला तलाठी येणार असं कळलं. साहेबाला असलं घर कसं दाखवायचं? आईनं आदल्या दिवशी शेणमातीनं भेगा बुजवल्या, वर चुना मारला. माती मीच कालवून दिली. सातवीत शाळा सुटलेली मी. मला तरी कुठं कळत होतं.

तलाठ्यासोबत आलेला मेंबर भिंत बघून हसला. "बघा साहेब, पडकं घर हाय का लग्नघर? फुकटचं खायची सवय लागलीय ह्यांना."

तलाठ्यानं उभ्याउभ्या लिहिलं, नुकसान नाही. आई पदराला हात पुसत राहिली. नखात चुना तसाच.

मी खुरपं घेतलं. तिच्या डोळ्यांदेखत तिचं लिंपण खरवडलं आणि भेगेत कोपरापर्यंत हात घातला. मेंबर म्हणाला, पोरीनं आत्ताच उकरलं, हेबी लिहा.

पंचांनी सह्या केल्या. एकामागं एक. कागद शांताक्कापुढं आला. ती मेंबरच्याच तुरीत खुरपायला जायची. त्याच्याकडंच बघून म्हणाली,

"लिंपायच्या आधी चार दिस ह्या भेगेतनं हिच्या चुलीचा जाळ बघितलाय म्या, अप्पा. म्या न्हाई अंगठा देत."

दुसऱ्या दिवसापासून तिला त्या रानात कुणी बोलावलं नाही. कागद मात्र बदलला नाही. पुढच्या पावसात आमची भिंत बसली.

आता मी पुण्यात, इमारतींच्या कामावर. इथं काळी माती आधी उपसतात, मग मुरूम भरतात, मग पाया. पहिल्यांदा बघितलं तेव्हा घमेलं डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिले. मेंबरनं स्वतःच्या घराखाली हेच केलं होतं. त्याची उपसलेली माती आम्ही बाया चुली घालायला घेऊन आलो होतो. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

आभाळ भरलं की अजून शांताक्काला फोन लावते, तुझ्या भिंती बघ म्हणते. ती विचारते, जेवलीस का.

मी परत जाणार आहे. गल्लीतल्या एकेका घराचा पाया उघडा पाडणार आणि भर ग्रामसभेतून मेंबरला तिथं नेऊन उभं करणार. त्याची माफी मला नको. त्याची मान खाली गेलेली बघायचीय, सगळ्या गावासमोर, माझ्या आईसमोर.

आणि शांताक्का, तुझ्या घराखालची काळी माती मी माझ्या हातानं उपसणार. मुरूम भरून, धुम्मसानं ठोकून, पक्का पाया घालून देईन. कधी ते आज सांगता येत नाही. पण देईन.