मैनाबाईंनी घास काहून नाही खाल्ला

"तू बोललीच काहून त्याच्यापुढे?"

"इचारलं म्हून सांगतलं. खांबावानी उभी राहू काय?"

"राहायचं होतं खांबावानी. खांबाची बातमी नाही करत कोणी."

"करते. मागं तो वाकलेला लायटीचा खांब दोन दिवस दाखवून राहिले होते."

मनोजनं कपाळावर हात मारला. "माय, मी हसाले नाही बसलो इथी. त्या टँकरचं पाणी तू बी पेली होती ना? रातभर तू बी आत-बाहेर करून राहिली होती ना? मंग थे काहून नाही सांगतलं?"

"कॅमेऱ्यापुढे हगवण सांगू?"

"सांगतली असती तं आज वाचलो असतो."

"अन् तुह्या सासरचे लोक मोबाइलवर माही हगवण पाह्यत बसले असते. जाय तिकडं."

आत कांदा चिरत असलेल्या रागिणीनं, म्हणजे मनोजच्या बायकोनं, तोंडाला पदर लावला. हसू आवरायला लावला होता, पण पुढच्याच क्षणी त्याच पदरानं तिनं डोळे पुसले. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या घराची नि आमच्या घराची भिंत एकच आहे, त्यामुळे हे भांडण मला पाठ झालं होतं. रोज नव्यानं सुरू व्हायचं आणि रोज त्या हगवणीपाशी येऊन अडायचं.

मनोजची आई मैनाबाई रोडगे करतात. नवस फिटला, जावळ निघालं, की वऱ्हाडात रोडग्यांचं जेवण ठरलेलं. कणकेचे मुठीएवढे गोळे, आत तुपाचे पदर. गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, मग गरम राखेत पुरून ठेवायचे आणि फडक्यानं पुसून पानात वाढायचे. जोडीला वरण आणि झणझणीत वांगी. हे काम बहुतेक पुरुषांचं. मैनाबाईंचे मालक रामराव आचारी होते. एकदा ऐन जेवणाच्या दिवशी ते तापानं फणफणले आणि लांब दांड्याचा चिमटा बायकोच्या हातात आला, तो पुन्हा त्यांच्याकडे गेलाच नाही. रामराव हयात होते तोवर तिच्या हाताखाली कणीक मळायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमी मजूर. ठेकेदार थे बसली धुरात." त्या धुरानं मैनाबाईंचे डोळे कायमचे लालसर झालेत.

त्यांच्या कामाची एक रीत आहे, रामरावांच्याही आधीपासूनची. देवाला दाखवल्याशिवाय चाखायचं नाही आणि शेवटची पंगत उठल्याशिवाय जेवायचं नाही. सगळे जेवले की घरधनी स्वतः येतो, रांधणाऱ्याला पाटावर बसवतो, आपल्या हातानं रोडगा फोडून त्यात तूप सोडतो. ते ताट झाल्याशिवाय नवस पुरा झाला असं कोणी म्हणत नाही.

महिन्यापूर्वी अमरावतीजवळच्या एका देवळात असंच जेवण होतं. दोन पंगती उठल्या. तिसरी बसायच्या आतच मांडवात माणसं ओकायला लागली. चाळीसेक जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. दोन-तीन दिवसांत सगळे धड घरी परतले. पण तिसरी पंगत बसली नाही, म्हणून मैनाबाईंचं ताटही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभराच्या जागरणानं पिवळ्या पडलेल्या मैनाबाई देवळामागं स्वयंपाकाचे गंज, ती मोठाली पातेली, घासत होत्या. कुलदीप नावाचा तरुण काडीला मोबाइल लावून आला. 'वऱ्हाडी कौल' म्हणून मोबाइलवर बातम्यांचं चॅनल आहे, त्याचा वार्ताहर. गोड बोलणारा. हे सगळं बोलणं रागिणीनं तिथंच, राखेची टोपली हातात धरून ऐकलं.

"मावशी, स्वयंपाक तुमचाच होता का?"

"हो बापा, माहाच."

"तुम्हाला काही त्रास झाला?"

"मले काय होते." पोराएवढ्या माणसाला काय सांगणार?

"जेवला होता ना तुम्ही?"

"नाई. एक घास नाई खाल्ला मी. पंगत उठल्याबिगर आमी खातच नाई, रीतच हाये आमची तशी. तू जेवला का? चहा मांडू?"

तो चहा पिऊन गेला. दुपारी बातमी आली. त्यात मैनाबाई म्हणतात, "मले काय होते. एक घास नाई खाल्ला मी." पाठीमागं ढोल वाजतो. चित्र तिथंच थांबतं, लाल डोळे मोठे मोठे होत जातात आणि चेहऱ्याभोवती लाल गोल फिरतो. खाली त्यांचं पूर्ण नाव, गल्लीसकट. वर अक्षरं: 'चाळीस जणांना खाऊ घातलं, स्वतः मात्र...' विष हा शब्द कुठंच नव्हता. तीन टिंबं होती, आणि ती ज्याची त्यानं भरून घेतली.

संध्याकाळी नळावर आमच्याच गल्लीतल्या दुर्गामावशी घागर विसळता विसळता म्हणाल्या, "मी तं तवाच म्हणे. हे बाई कधी पंगतीत बसत नाई."

रागिणीची बादली भरून वाहत होती. "मावशी, तुमच्या श्यामच्या लग्नात शेवटी तुमीच वाढलं ना त्याहीले? तूप बी तुमीच सोडलं."

"वाढलं ना. वाढलं नाई असं कुठी म्हणतो मी?" दुर्गामावशींनी घागर कडेवर घेतली. "पण खाल्लं का नाई, थे कोणी पाह्यलं?"

रागिणीनं हे घरी सांगितलं नाही. मला सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला दोनदा विचारावं लागलं. "ताई, ती बाई खोटं बोलत नव्हती हो," ती म्हणाली. "तिले खरंच तसं आठवून राहिलं होतं."

मग फोन यायला लागले. फार सभ्य फोन. एकाकडे पाहुणेच कमी होणार होते. एकानं यंदा साधं वरण-भातावरच भागवायचं ठरवलं होतं. एकाचा तर नवसच पुढं गेला. मैनाबाई प्रत्येकाला "बरं बापा, काही हरकत नाई" म्हणायच्या आणि फोन ठेवला की रागिणीला विचारायच्या, "आवाज मोठा हाये ना याचा? चार्जिंग हाये ना?" कारण त्यांना ज्याच्या फोनची वाट होती तो येत नव्हता.

तो फोन तेल्हाऱ्याच्या गोवर्धनरावांचा. कापसाची मोठी शेती, आणि गावात शब्दाला मान. त्यांच्या दारचं प्रत्येक जेवण आजवर मैनाबाईंच्या हातचं. नातवाच्या जावळाचे रोडगे त्यांनी दिवाळीतच सांगून ठेवले होते. तेल्हाऱ्यात गोवर्धनरावांकडे मैनाबाई रांधतात म्हटल्यावर आजूबाजूचा माणूस दुसरी चौकशी करत नाही. आता तर त्या एका जेवणावर सगळंच येऊन ठेपलं होतं. ते झालं तर हळूहळू बाकीचे परततील. ते गेलं तर चिमटा खुंटीला लागला. येत्या रविवारी जावळ होतं, आणि तेल्हाऱ्याहून हो नाही की ना नाही.

एवढं होऊनही मैनाबाई जेवताना तेच चॅनल बघायच्या. सवय. एका दुपारी मी वाटी परत द्यायला गेले होते तेव्हा बडनेऱ्याकडच्या कुठल्याशा मास्तरची बातमी चालू होती. मास्तर दारातून आत जात होते, चित्र तिथंच थांबत होतं, मास्तर पुन्हा दारातून आत जात होते. शाळेच्या धान्याचं काहीतरी.

"याच्या तोंडावरच दिसते," मैनाबाई भाकरी मोडत म्हणाल्या. "नजर पाह्य त्याची. चोराची नजर."

रागिणी वाढता वाढता थांबली. "आत्याबाई."

"काय वं?"

"काही नाही. वरण घ्या."

मैनाबाईंनी मोबाइलकडे पाहिलं. मास्तरच्या चेहऱ्याभोवती लाल गोल फिरत होता. त्यांनी मोबाइल उपडा ठेवला. आतून मास्तरचा आवाज येतच राहिला, "अहो, माझं पूर्ण ऐकून तर घ्या." मैनाबाईंनी वरण घेतलं नाही. अर्धी भाकरी तशीच ठेवून उठल्या आणि कोरडे असलेले हात बराच वेळ धूत राहिल्या.

पाण्याचा अहवाल आला तो मनोजनंच शोधून काढला. 'वऱ्हाडी कौल'वर, हवामान आणि सोन्याच्या भावाच्या मध्ये, एका ओळीत. टँकरचं पाणी दूषित होतं.

"पाह्य," त्यानं आईपुढे मोबाइल धरला.

"मंग बरं झालं ना."

"काय बरं झालं? याच्यात तुहं नाव नाही."

"नाई तं नाई. नावाचं काय करतं आता?"

"माय, पहिल्या बातमीत होतं. गल्लीसकट होतं. सुटली थे लिवाले याहीले जागा नाही." मनोज उठून येरझाऱ्या घालायला लागला. "अन् टँकरवाल्याचं तं दोन्हीकडे नाही. कुठून असंल? दर सणाले हात जोडून शुभेच्छा देते तो त्याच चॅनलवर. त्याचा फोटो जाहिरातीत, तुहा बातमीत."

"तू पाठव ना थे पाण्याचं सगळ्याहीले."

"पाठवलं. गल्लीच्या ग्रुपवर बी टाकलं. दोघाहीनं अंगठा देल्ला. त्यातला एक मीच."

शुक्रवारी सकाळी मैनाबाईंनी इस्त्रीचं लुगडं नेसलं, चिमटा फडक्यात गुंडाळला आणि म्हणाल्या, "मी तेल्हाऱ्याले जातो."

"फोन तं करू द्या," रागिणी म्हणाली.

"फोनवर माणूस नाई म्हणू शकते. दारातल्या बाईले नाई म्हणाले जीभ जड होते." चिमटा सोबत कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही. रागिणी त्यांच्याबरोबर एसटीत बसली. वाटभर मैनाबाई एकच विचारत होत्या, समोरच्या सीटवरचा माणूस मागं वळून वळून का पाहतो. तो त्याची पिशवी पाहत होता, पण ते त्यांना पटेना. त्यांनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

पुढचं मला रागिणीनं सांगितलं.

गोवर्धनराव ओसरीवरच होते. त्यांना पाहून उठून उभे राहिले. "अरे, मैनाबाई. या, या. पाणी आणा वं कोणी." अंगणात गोवऱ्यांची रास रचलेली होती. वांग्याची पोती सावलीला लावलेली. मैनाबाईंनी एक गोवरी उचलून अंगठ्यानं दाबून पाहिली, वाळली आहे का ते. महिन्यात पहिल्यांदा त्यांचे ताठलेले खांदे सैल झाले, असं रागिणी म्हणाली.

"गोवऱ्या झकास हायेत, भाऊ."

"तुमच्यासाठीच थापून घेतल्या." गोवर्धनरावांनी घसा साफ केला. "मी फोन करणारच होतो. घरात जरा बोलणं चालू होतं. पोरं म्हणते, लोकं इचारून राहिले. सोयऱ्याहीच्या मोबाइलवर बी गेली ना थे बातमी."

"पाण्याचं निघालं, भाऊ. अहवाल आला. रागिणी, दाखव वं."

"मले मालूम हाये. मी वाचला." त्यांनी तो खरंच वाचला होता. "मले तुमच्यावर शक नाई, मैनाबाई. तुमीच रांधा. मी सगळ्याहीले तसं सांगून टाकलं. फक्त एक करा."

"सांगा ना."

"पह्यल्या पंगतीत बसा. सगळ्याहीपुढे पह्यला घास तुमी घ्या. पोरगा मोबाइलवर काढते अन् ग्रुपवर टाकून देते. मंग कोणाचं तोंड उघडत नाई."

मैनाबाई गोवऱ्यांकडे पाहत राहिल्या. "नैवेद्य व्हायच्या आंधी?"

"देव समजून घेते. लोकं नाई घेत."

आत लहान मूल रडत होतं, बहुतेक ज्याचं जावळ होतं तेच. रागिणीला वाटलं, आता आत्याबाई नाही म्हणतील. पण मैनाबाईंनी मान हलवली.

"बरं," त्या म्हणाल्या. "खातो मी."

गोवर्धनरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हसून आत हाक मारली, चहा आणा, साखर जास्त टाका. स्वतः पाट ओढून मैनाबाईंच्या जवळ बसले. चहा आला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं कप उचलून त्यांच्यापुढं ठेवला. मग आवाज उतरवला, घरच्या माणसाशी बोलावं तसा.

"आता आपल्यातलं सांगा, मैनाबाई. इथी बाहेरचं कोणी नाई. त्या दिवशी तुमी खाल्लं काहून नाई?"

मैनाबाईंनी गोवर्धनरावांच्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या धाकट्याच्या लग्नात, त्यांच्या घराच्या वास्तुशांतीत, दरवर्षी हनुमान जयंतीला, सगळी पंगत उठल्यावर रोडगा फोडून मैनाबाईंच्या पानात तूप सोडणारे हे हात. "पुरे भाऊ" म्हटलं तरी न थांबणारे.

त्या उठल्या. फडक्यातला चिमटा उचलून काखेत धरला, पदर सारखा केला आणि ओसरीच्या पायऱ्या उतरायला लागल्या.

"मैनाबाई? अवं, मी नुसतं इचारलं," गोवर्धनराव म्हणाले. "चहा तं घ्या."

गोवऱ्यांच्या राशीला वळसा घालून त्या फाटकाशी गेल्या. कडी काढल्याचा आवाज आला.