रिकाम्या जागेवरची हजेरी

सणसरजवळच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत मी रुजू झालो, त्या सकाळी लोंढे बाई हजेरी घेत होत्या. रानीचे नाव पुकारले गेले. रानी आली नव्हती. तिच्या शेजारची आर्या सरकून तिच्या जागेवर बसली, डोळे मिटले आणि स्वतःच्या नसलेल्या, बारीक आवाजात म्हणाली, "हजर, बाई. मी कोपीवर हाय. आई फडात गेलीया. धाकटा रडून रडून निजला." बाकीची मुले जणू रानीच बोलते आहे अशी ऐकत होती.

रानी ऊसतोड्यांची मुलगी. हंगामात अशी मुले येत, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, राहत आणि गावातली मुले त्यांच्याजवळ बसत नसत. बाईंनी त्यावर हा उपाय काढला होता. जो येणार नाही, त्याच्या वतीने शेजाऱ्याने बोलायचे. मात्र शाळेत येताना त्याच्या दारावरून येणे सक्तीचे.

"बघून आलास का? न्हाय? मग गप बस," त्या मुलांना दटावत. "दुसऱ्याचं दुःख घरी बसून रचायचं न्हाय."

मी संकोचाने म्हणालो, "बाई, हे नाटक मुलांना झेपेल?"

"नाटक पाठ करावं लागतं, सर. हितं आधी चालत जावं लागतं."

माघातल्या एका सकाळी रानी पुन्हा गैरहजर होती. आर्या तिच्या जागेवर बसली, पण 'हजर' म्हणाली नाही. बऱ्याच वेळाने जड जिभेने म्हणाली, "बाई, डोळं उघडत न्हाईत. गिळाय येत न्हाय."

बाईंच्या हातातला खडू पडला. "कोपीत काय बघितलंस, आर्या?"

"रानी जमिनीवर पडलीया. पापण्या अर्ध्याच. हाक मारली तर बोलंना. मला वाटलं, रुसली."

"मण्यार साप चावलाय," बाई पुटपुटल्या आणि रस्त्याकडे धावल्या. कुणाची तरी जीप थांबवून त्या रानीला बारामतीला घेऊन गेल्या.

वर्गात मी आणि मुले उरलो. आर्याचे डोळे मिटलेलेच होते.

"पुरे, बाळ. उघड आता."

"रानी उघडल तवा."

तिचा श्वास उथळ झाला होता. ओठांच्या कडेने लाळ गळत होती. मुले एकेक करून तिच्यापासून दूर सरकली. दुपारी तिचे आजोबा आले. "पोरीच्या अंगात आलंय, सर. देवऋषाकडं नेतो."

"तात्या, बाईंचा फोन येईपर्यंत थांबा," मी दारात उभे राहून विनवले.

फोन आला. रानीला औषध सुरू झाले होते, पण डोळे उघडले नव्हते. मी आर्याचे सांगितले. बाई म्हणाल्या, "तिच्या कानाला लावा."

बाई काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही. आर्या चाचपडत पाण्याच्या तांब्याकडे वळली, प्यायली, आणि तिने स्वतःचे पूर्ण नाव मोठ्याने सांगितले. मग डोळे उघडले.

रानी वाचली. परतल्यावर बाई मला हळू आवाजात म्हणाल्या, "पोरांना दुसऱ्याच्या जागी जायला शिकवलं, सर. माघारी यायचं शिकवायचं राहिलं व्हतं." तेव्हापासून उत्तर दिल्यावर प्रत्येक मूल पाणी पिऊन आपले नाव सांगू लागले. ते सांगेपर्यंत बाई पुढचे नाव पुकारत नसत.

गेल्या वर्षी इंदापूरला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगा औषधे आणायला गेला होता. त्यांनी विचारले, "कुणाकडं आलात, सर?"

"तुमच्याकडेच, बाई."

"बघितलंत नीट? मग बोला माझ्या वतीनं. मला दम लागतोय."

मी त्यांच्या उशाशी बसलो, डोळे मिटले. "हजर," मी म्हणालो. "पाय गार पडलेत. भिंत लांब गेलीया. भीती न्हाय वाटत, पण कुणीतरी हात धरावा." हे शब्द माझे नव्हते आणि तो आवाजही माझा नव्हता. त्यांची बोटे माझ्या हातात आली, घट्ट झाली आणि मग सैल पडली.

मी डोळे उघडले. तांब्या भरलेला होता. माझे नाव ऐकून घ्यायला त्या खोलीत कुणी उरले नव्हते.