दिगंबरनं शोधलेला लेखक

दिगंबर गेला, हे सांगायला एसटीडी बूथवाला धावत आला तेव्हा मी चहा घेत होतो. झोपेतच गेला म्हणे. महिना होऊन गेला... पण त्यानं करून ठेवलेला गोंधळ काही माझ्याच्यानं सुटत नाही.

आम्ही दोघं सोनईत मास्तर. दिगंबरला जुन्या हेरकथांचं भारी वेड. गावात केबल आली, लायब्ररीवाल्यानं ती खिशात मावणारी पुस्तकं रद्दीत काढली, आणि यानं पोतंभर घरी आणली. त्यातला एक लेखक त्याचा लाडका. चार-सहा पुस्तकं लिहून हा माणूस गायब! शेवटच्या पुस्तकात हेर शत्रूच्या कैदेत, आणि पुढचं पुस्तकच नाही. मग कुणीतरी सांगितलं, अगदी याच नावा-आडनावाचे, पोस्टातून निवृत्त झालेले एक बाबा राजूरला राहतात. झालं! शाल, नारळ आणि मला घेऊन स्वारी निघाली. बाबांनी सत्कार निमूट करून घेतला आणि मग सांगितलं, की आपण पत्रापलीकडे आयुष्यात काही लिहिलेलं नाही. मी कपाळावर हात मारला. दिगंबर मात्र खूश. म्हणाला, ‘‘अरे, हेरकथा लिहिणारा पहिल्याच भेटीत कबूल होईल का?’’ पुढे तो दर महिन्याला एकटाच राजूरला जायचा. शाळेत सगळे टर उडवायचे. हा आपला छाती काढून सांगायचा, लेखक मी शोधला.

दहाव्याला बाबा आले. मला दिगंबरवर हा लेख लिहायचा होता. त्याचा शोध खरा की त्याचं हसंच झालं, एवढं तरी कळायला हवं होतं. बाबांना बाजूला घेऊन विचारलंच.

‘‘म्या न्हाई लिवलं कायबी, मास्तर,’’ बाबा म्हणाले. ‘‘पन ते इतक्या लांबून यायचे, पुढं काय झालं इचारायचे. मग मी सांगत गेलो. मागल्या खेपेला हेरानं दर्यात उडी टाकली, तिथवर आल्तो... आता पुढचं कुनाला सांगू?’’

मी चक्रावलोच. म्हणजे लेखक सापडला म्हणायचा की नाही? अजूनही ठरवता येत नाही. त्या दिवशी मात्र रडू आवरेना.

परवा राजूरची एसटी धरली. बाबा ओट्यावर होते. दिगंबर बसायचा ती जागा त्यांनी उपरण्यानं झटकून दिली. मी टेकलो, पाणी प्यायलो आणि विचारलं,

‘‘बाबा, उडी टाकली खरी... पण पोहता येत होतं का त्याला?’’