सगळे म्हणजे कोण?

गोव्यातल्या मांद्र्याच्या चंद्रावतीबाई वीस वर्षं घरामागच्या तीन खोल्या पर्यटकांना भाड्यानं देतात. शाळा सातवीपर्यंतच, इंग्रजी पाहुण्यांशी बोलता बोलता आलं, मोडकंतोडकं पण कुठे न अडणारं. आलेल्या माणसाला त्याच्या गावच्या रीती विचारायच्या, ही त्यांची जुनी खोड.

गेल्या हिवाळ्यात हॉलंडचे हेन्रिक आले. तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. जगातल्या सगळ्या माणसांना लागू पडतील अशा नियमांवर पुस्तक लिहीत होते. सकाळी पोदेर पाव देऊन गेला की चहाबरोबर बाईंना त्यातलं काहीबाही सांगत. एकदा म्हणाले, "आजाऱ्याला त्याच्या आजाराचं खरं सांगायलाच हवं. तो सगळ्यांचा हक्क आहे."

बाई चहा ओतायच्या थांबल्या. त्यांचे यजमान सगुण कॅन्सरनं गेले. डॉक्टरांनी सांगितलेलं बाईंनी चार महिने त्यांच्यापासून लपवलं होतं. "अल्सर आहे, बरा होईल," म्हणत पेज भरवली होती. आपलं काही चुकलं, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"सगळ्यांचा म्हणजे कुणाकुणाचा?" त्यांनी विचारलं. "तुम्ही कुणाला विचारलंत?"

हेन्रिक जरा ओशाळले. "खरं म्हणजे माझ्यासारख्या शिकलेल्यांनाच."

"मग विचारूया की!"

सावंतवाडीकडचा सखाराम नारळ काढायला आला होता. तो माडावरून उतरल्या उतरल्या बाईंनी त्याला गाठलं. तो म्हणाला, "माका नको सांगूक. बायलेक सांगा, ती काय ता बघतली." बायकोला सांगा म्हणतो, असं बाईंनी हेन्रिकना इंग्रजीत सांगितलं. शेजारच्या खोलीत घानाची एक नर्स उतरली होती. तिच्या घरी आधी थोरल्या मामाला सांगत. पुढचं तो ठरवी.

हेन्रिक वहीत भराभर लिहीत होते. "म्हणजे ज्या त्या देशाची वेगळी रीत," ते म्हणाले.

विचारता विचारता दुपार झाली, तेवढ्यात बाईंची लेक गौरवी पेडण्याच्या शाळेतून शिकवून घरी आली. तिलाही तोच प्रश्न गेला.

"मला सगळ्यात आधी सांगायचं," ती म्हणाली. "लपवलंस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

बाई हेन्रिककडे वळल्या. "देशाचं कुठे घेऊन बसलात? आम्ही दोघी एका घरात जेवतो."

हेन्रिकनी लिहिलेलं खोडलं. "मग सगळ्यांना लागू पडेल असं उरलं काय?"

"विचारायचं तरी सगळ्यांनाच लागतं ना," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्यानं चपापल्या. मग त्यांनी सगुणची गोष्ट सांगितली. गौरवीनंही ती अशी पूर्ण ऐकली नव्हती.

"त्यांना काय हवं होतं?" हेन्रिकनी हळूच विचारलं.

"माहीत नाही. मी विचारलंच नाही."

मग गौरवी आईजवळ सरकून बसली. "आई, उद्या तुला काही झालं तर? सांगू की नको?"

उत्तर जिभेवर असेल असं चंद्रावतीबाईंना वाटलं होतं.

"थांब गे," त्या म्हणाल्या, "विचार करूंदी मला."