अठरा हात लुगडं

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो. पण त्या पदवीपायी एकदा बहिणीपुढं मान खाली घालावी लागली, तेही सांगायला हवं.

एकाहत्तर साल असावं. हायस्कुलात नोकरी लागून चार महिने झाले होते, आणि पहिली दिवाळी आली. माझी थोरली बहीण देवळालीकडं दिलेली. मला शाळेत जाता यावं म्हणून तिला चौथीतून काढून गुरांमागं धाडलं होतं. तिनं कधी काही मागितलं नाही. त्या वर्षी मात्र तिनं आईजवळ निरोप दिला, "भाऊबीजेला अंजिरी लुगडं आन म्हनावं. रुंद काठाचं."

म्हणून मी नगरला गेलो. निघताना आई म्हणाली, "अठरा हात मोज, मगच पिशवीत घाल." नऊवार लुगडं म्हणजे अठरा हात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, हे आमच्याकडं बाईमाणसाला शिकवावं लागत नाही. मी म्हणालो, "आई, आता मीटर आलेत." ती म्हणाली, "येऊ देत."

कापडबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. एका दुकानावर लाल कापडी फलक होता, 'दिवाळीनिमित्त भव्य सेल'. ओट्यावर बाकं मांडून गठ्ठे फोडलेले, आणि त्यावर माणसं अशी तुटून पडलेली की कुणाचा हात कुणाच्या खांद्यावरून येतोय ते कळत नव्हतं. एक लुगडं दोघी ओढत होत्या, तिसरीनं ते मधल्यामधी पळवलं. नोकर बाकावर उभा राहून ओरडत होता, "घ्या, घ्या, संध्याकाळपर्यंतच!" माझी साडेचारची एस.टी. दुकानातल्या घड्याळात साडेतीन झालेले, आणि अंजिरी रंग कुठं दिसेना. हिरवं हाती यायचं, जांभळं यायचं. कुणाच्या तरी पिशवीत अडकून माझ्या नव्या टेरिकॉटच्या शर्टाचं बटण गेलं. खाली वाकून शोधायचीही सोय नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या बाईच्या हातात ते दिसलं. अंजिरी, चार बोटं रुंद काठ. बाई पाथर्डीकडची, टोळीबरोबर ऊसतोडीला निघायच्या आधी खरेदी करत होती. एवढ्या रेटारेटीत ती कोपर टेकवून लुगडं हातावर मोजत होती, ओठातल्या ओठात पुटपुटत. माझा जीव वरखाली. ती घेणार, आणि माझी एस.टी.ही जाणार.

मी म्हणालो, "मावशी, मोजता काय? घडीवर शिक्का आहे की, नऊ वार म्हणून."

तिनं माझ्या शर्टाकडं पाहिलं. "छापल्यालं तुमी वाचा, मास्तर. नेसायचं मला हाय."

भोवतालच्या दोनचार बाया फिसकन हसल्या. मला राग आला. तिनं शेवटपर्यंत मोजलं, नाक मुरडलं आणि लुगडं ढिगावर फेकलं. मी झडप घातली. वाटलं, रंग आवडला नसेल, आपलं नशीब. शिक्का पुन्हा एकदा वाचला, पैसे दिले आणि पळत स्टँड गाठलं. एस.टी.त उभ्यानं आलो, पण पिशवी छातीशी धरून, गड जिंकल्यासारखा.

भाऊबीजेला बहिणीच्या सासरी गेलो. तिनं ओवाळलं. मी लुगडं तिच्या मोकळ्या हातावर ठेवलं. तिचा हात क्षणभर तसाच राहिला. मग ती म्हणाली, "लई झाक रंग हाय रं," आणि नेसायला आत गेली.

बराच वेळ झाला. मी दारातून ओसरीत, ओसरीतून दारात. ती बाहेर आली ती गोल नेसून, शहरातल्या बायका पाचवारी नेसतात तशी. जन्मात काष्ट्याशिवाय न वावरलेली माझी बहीण.

तिची सासू म्हणाली, "अगं बया! सूनबाई हापिसात चालली जनू!"

"भाऊ बीए झालाय माजा, मग!" बहीण हसत म्हणाली. मीही हसलो. मला खरंच काही कळलं नव्हतं.

मला रस्त्यापर्यंत पोचवायला ती निघाली. वाटेत पाटाची चारी लागते. एरवी ती डोक्यावर भारा घेऊन चारी उडी मारून ओलांडायची. त्या दिवशी काठाशी थांबली, निऱ्या गोळा केल्या, पाय टाकला आणि अडखळून गुडघाभर पाण्यात गेली.

"आखूड आहे का?" मी विचारलं.

"काष्ट्याला पुरत न्हाई. जाऊ दे की. रंग बघ."

"कधी मोजलंस?"

"मोजायचं कशाला? हातावर ठिवलंस तवाच वजन कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आरतीचं ताट हातात असताना बोलू व्हय?" ती ओला काठ पिळत म्हणाली.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ती बाई दिसत होती, पुटपुटणारी. तिनं माझ्या डोळ्यांदेखत मोजून टाकून दिलेला माल मी उचलला होता, कारण मला वाचता येत होतं.

सकाळी पहिल्या गाडीनं परत नगर. फलक उतरवलेला, बाजार ओस. मालकानं मला ओळखलं नाही. सेलमधलं लुगडं आखूड निघालं म्हटल्यावर तो म्हणाला, "सेलचा माल परत घेत नाही, साहेब."

"परत नाही करायचा. अंजिरी नऊवार दाखवा, सेलमधलं नको."

त्यानं एक उलगडलं आणि मीटरची पट्टी पुढं केली. मी पट्टी बाजूला सारली, शर्टाची बाही वर केली आणि गादीवर कोपर टेकवलं. नोकर एकमेकांना खुणावत होते. अकराव्या हाताला मी चुकलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

अठरा भरले. वर वीतभर उरलं. मग म्हणालो, "बांधा."