बाबांच्या सिगारी आणि पासष्ट टक्के

आमच्या घरात ओल म्हणजे शत्रू. मिठात तांदळाचे दाणे, माचीस फ्रिजवर, पापड एका डब्यात ठेवून तो डबा दुसऱ्या डब्यात, आणि जूनपासून कपाटात डांबरगोळ्या इतक्या की ऑफिसात माझ्या बाजूला बसणारी बाई दरवर्षी त्या वासाला बाम समजून मला सर्दी झाली का म्हणून विचारते. अंबरनाथ पश्चिमेला वरच्या मजल्यावर राहणारी माणसं मुलांना दुसरे काय संस्कार देणार? अशा घरात चार वर्षांपूर्वी बाबा एक वस्तू घेऊन आले, जी मुद्दाम ओलसर ठेवायची होती.

बाबा एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या एका कंपनीत फिटर होते. रिटायर व्हायच्या वर्षी तिथलं परदेशी मशीन बंद पडलं. ते दुरुस्त करायला आलेला गोरा इंजिनियर अकरा दिवस लॅपटॉपसमोर बसून घाम पुसत राहिला. बाराव्या दिवशी बाबांनी एक दबलेली स्प्रिंग शोधून काढली. गोरा इतका खूश झाला की जाताना स्वतःच्या सिगारींची लाकडी पेटीच त्याने बाबांच्या हातात ठेवली. आत आठ उरल्या होत्या. बाबांनी आयुष्यात फक्त तंबाखू मळलेली, तीही आईने सोडायला लावलेली, त्यामुळे या आठ तोफांचं करायचं काय हा प्रश्नच होता. तो त्यांनी त्याच संध्याकाळी, आत्या आलेली असताना, सगळ्यांसमोर सोडवला.

"हिचं लग्न ठरेल त्या दिवशी पेटवायच्या," ते म्हणाले.

ही म्हणजे मी. तेव्हा बत्तीस, आता छत्तीस.

सांभाळायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण मी पगारच त्याचा घेते. औषधाच्या कंपनीत गोळ्यांच्या बाटल्या ठरावीक तापमानाच्या, ठरावीक दमटपणाच्या कपाटात ठेवायच्या आणि किती महिन्यांनी बिघडतात ते तपासायचं, ही माझी नोकरी. सोनिवलीला टू बीएचके असलेला एक मुलगा मला बघायला आला होता. त्याच्या आईने हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे बसून वाट बघायची. एवढं अचूक वर्णन आमच्या मॅनेजरलाही कधी जमलं नाही.

सिगार कोरडी पडली की तडकते आणि ओल जास्त झाली की बुरशी धरते, म्हणून पेटीतल्या हवेत दमटपणा किती टक्के ठेवायचा, या आकड्यावरून पहिलं भांडण झालं. गोऱ्याने बाबांना हाताची बोटं दाखवून सत्तर सांगितलं होतं. मी चार ठिकाणी वाचून पासष्ट ठरवलं. बाबांच्या मते सत्तर म्हणजे डिस्टिंक्शनच्या जवळ, आणि पासष्ट म्हणजे नुसता फर्स्ट क्लास. पाहुण्याची वस्तू आणि त्यात मार्क कमी का करायचे? मी त्यांना समजावलं की गोऱ्याच्या घरात वीस डिग्री असते. तिथे सत्तर ठीक आहे. आपल्याकडे पंख्याखाली बत्तीस असतं, त्यात सत्तर ठेवलं की बुरशी आणि किडे दोघांचंही लग्न माझ्या आधी होईल. या वाक्यावर आई हसली. बाबा हसले नाहीत, पण पासष्टला कबूल झाले.

मग आकडा दाखवणारा मीटर हवा म्हणून उल्हासनगर कॅम्प दोनला गेले. एका सिंधी अंकलच्या दुकानात तीन मीटर काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. एक म्हणाला अठ्ठावन्न, दुसरा एकाहत्तर, तिसरा चौऱ्याऐंशी. मी अंकलकडे बघितलं. ते जराही हलले नाहीत.

"बेटा, बीचवाला ले जाओ," ते म्हणाले. "झगडा नहीं होगा."

बीचवाला आणला. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर चार थेंब पाणी, आणि ते मीटरसोबत घट्ट डब्यात बंद करून दिवसभर ठेवलं. अशा बंद डब्यातली हवा पंचाहत्तरला येऊन थांबते, हा मिठाचा धर्म आहे, त्यात अंकलचं काही चालत नाही. मीटर एकोणसत्तर दाखवत होता. म्हणजे पठ्ठ्या सहा कमी सांगतो. नातेवाइकांनी सांगितलेल्या वराच्या वयासारखं झालं. किती मिळवायचे ते एकदा कळलं की भागतं.

रबराच्या कडेचं घट्ट झाकण असलेला मोठा पारदर्शक डबा, त्यात लाकडी पेटी आणि मीटर, पावसाळ्यात आत सिलिका जेल, जानेवारीत हवा कोरडी पडली की ओला स्पंज. रविवारी सकाळी मी झाकणावर टॉर्च मारून मीटर वाचायचे. गॅलरीतून बाबांचा आवाज यायचा, "किती?" मी म्हणायचे, "पासष्ट." चार वर्षं आमचं रविवारचं मुख्य संभाषण एवढंच होतं. त्यापुढे बाबा कधी काही विचारायचे नाहीत. अमुक मुलाकडून फोन आला का, तमुकाला तू का नाही म्हणालीस, काहीच नाही. फक्त आकडा.

खरं सांगायचं तर मला लग्न करायचंच नव्हतं. यामागे काही गूढ नाही. कुणी सोडून गेलं नाही, कुणी फसवलं नाही. मला माझी नोकरी आवडते, रविवारी मीटर वाचून परत झोपायला आवडतं, आणि आईबाबांशी भांडायला आवडतं. हे एवढं साधं वाक्य मला घरात म्हणता येत नव्हतं. मुलं बघायला यायची, मी पोहे पुढे करायचे, आणि नंतर काहीतरी खुसपट काढायचे. एकाच्या चपला चावल्यासारख्या दिसत होत्या म्हणून मी नकार दिलाय.

दुसऱ्या पावसाळ्यात एकदा माझ्या मनात पाप आलं. बदलापूरकडून काळं करून आलं होतं, भिंतींना हात लावला तर ओला होत होता. झाकण नुसतं तिरकं ठेवलं असतं तरी आठवड्याभरात आठही सिगारींना पांढऱ्या मिशा आल्या असत्या. मग बाबा काय पेटवणार आणि कशासाठी थांबणार? झाकण हातात धरून मी बराच वेळ उभी राहिले. आणि मग घट्ट बंद केलं. सॅम्पल मुद्दाम बिघडवणं माझ्याच्याने होईना. लग्न मोडायला तयार होते, सॅम्पल नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये एका रविवारी टॉर्च घेऊन गेले तर डब्यात पेटी नाही. घरभर शोधलं. शेवटी गच्चीवर गेले. तिथे आईचं वाळवण चाललं होतं. एका जुन्या साडीवर मिरच्या, पुढे कुरडया, आणि त्यांच्या शेजारी ओळीने आठ सिगारी. तिसरं ऊन होतं त्यांना. एक उचलली तर कुरडईसारखी वाजली आणि तिचा पापुद्रा माझ्या हातात आला.

बाबा मागून वर आले. ओरडले नाहीत. "विचारायचं तरी," एवढं म्हणून खाली गेले. दुपारपर्यंत आत्याला कळलं होतं, आणि ती फोनवर खो खो हसत होती की वहिनीला काहीही द्या, ती उन्हात घालणार. आई म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं, आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात ओट्यावर स्पंज आणि डिस्टिल्ड वॉटर घेऊन बसले. आईला धीर द्यावा म्हणून सांगितलं की काळजी करू नको, हळूहळू दोन-चार टक्के वाढवत नेलं तर दोन महिन्यांत बऱ्यापैकी सुधारतील.

"कशाला?" आई म्हणाली.

मला वाटलं तिला समजलं नाही. मी परत सांगायला लागले. तिने गॅस बंद केला.

"अगं, चाळीस वर्षं वाळवण घालतेय मी. कशाला ऊन दाखवायचं आणि कशाला नाही, एवढं कळतं मला. तुला त्यांना सांगता येत नाही, त्यांना तुला विचारता येत नाही. म्हटलं, एकदाचा डबाच संपवावा. मला वेडी म्हणतील, म्हणू दे."

मला इतकी लाज वाटली की स्पंज पिळत बसले. एमएस्सी झालेली मी चार वर्षं एका डब्याआड लपले होते, आणि आईने माझ्यासाठी नात्यागोत्यात अडाणी ठरणं पत्करलं होतं. हात पुसले आणि गॅलरीत गेले.

"बाबा, मला लग्न करायचं नाहीये. जमत नाहीये असं नाही. करायचंच नाहीये."

त्यांनी विचारलं, कधीपासून. मी म्हणाले, पहिल्यापासून. ते रस्त्याकडे बघत राहिले. खाली रिक्षावाल्यांचं नेहमीचं भांडण चाललं होतं.

"मला वाटायचं, तुला हवंय आणि जमत नाहीये," ते म्हणाले. "बापानेही आशा सोडली असं तुला वाटू नये, म्हणून दर रविवारी आकडा विचारायचो. नाहीतर मला त्या सिगारींचं काय करायचंय?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, त्यामुळे धड काहीच झालं नाही. आई चहा घेऊन बाहेर आली. तिघं बसलो. प्रश्न एकच उरला होता, की आता आत्याला कोण सांगणार. आई म्हणाली, मीच सांगते, नाहीतरी तिच्या लेखी मी वेडीच आहे.

"नाही," बाबा म्हणाले. "मी सांगतो." आणि त्यांनी फोन मागितला.